वाढीव वारा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ही वही बंदर कचेरीनं दिली आहे. दर नाववाल्यानं रोज भरायची: वारा किती, लाट किती, सुटलो की नाही, आणि नसल्यास कारण. कारणाला त्यांनी दोन बोटं जागा सोडली आहे. माझी कारणं तेवढ्यात मावत नाहीत, म्हणून मी समासात, पाठीमागे, वाटेल तिथे लिहितो. कचेरीत कोणी वाचत नाही. वर्षाअखेरीला नुसता शिक्का मारतात.

तर आज: वारा ईशान्य. आमच्या ब्राव्हा बेटावर फेब्रुवारीत दुसरा कुठला असणार? शाळेच्या पुस्तकात याला 'व्यापारी वारे' म्हणत. या वाऱ्यावर व्यापार करून गबर झालेला एक ब्राव्हाकर मला दाखवा, मी त्याची नाव फुकट रंगवून देतो. सुटलो नाही. कारण: निनोनं रेडिओवर पंचवीस नॉट सांगितले.

निनो म्हणजे माझा धाकटा भाऊ. समोरच्या फोगु बेटावर, सां फिलिप गावात, तो वारा मोजायच्या नोकरीत आहे. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला रेडिओवर कानालचा पुढच्या चोवीस तासांचा अंदाज वाचतो. कानाल म्हणजे दोन बेटांच्या मधलं पाणी. लहानपणी हा बापाच्या नावेत पाय ठेवला की ओकायचा, आणि आज आम्हाला समुद्र शिकवतो. आमच्या फुर्ना बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे की निनो सावधगिरी म्हणून पाच नॉट वाढवून सांगतो. त्याला आम्ही 'निनोचे पाच' म्हणतो आणि ऐकता ऐकता वजा करतो.

माय डिसेंबरपासून त्याच्याकडे आहे. पोटाच्या दुखण्यासाठी तिला तिकडच्या इस्पितळात नेलं, तेव्हा सरकारी जहाज चालू होतं. आता ते दुरुस्तीला गेलं आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत. म्हणाले, घरी न्या. घर कुठलं ते मायनं सांगून टाकलं: ब्राव्हा. मरायचं ते आपल्या पलंगावर, आणि मग बापाच्या शेजारी. मी निनोला कळवलं आहे की माझी आई माझ्याच नावेतून येईल. मायही तेच म्हणाली, येईन तर बाझिच्या नावेतून. वारा जरा पडू दे, की निघालोच.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

रेडिओवर सव्वीस. सुटलो नाही. दुसरा नाववाला तिबुर्सियु मात्र सकाळी गेला, दुपारी परत आला, सिमेंटच्या गोणी आणि चार माणसं घेऊन. धक्क्यावरून ओरडला, "बाझि, चौदाही नव्हता रे! मधे मला झोप लागली!" त्या माणसाच्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, माझ्या पंख्याचं एक पातं वाकलंय. खरंच वाकलंय, अगदी थोडंसं.

घरी फिलिस्मिना म्हणाली, "पातं मागच्या वर्षी पण वाकलेलंच होतं." बायकोला इंजिनातलं काय कळतं?

रविवार, ८ फेब्रुवारी

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर म्हाताऱ्या न्हो काझिमिरुच्या दुकानात गेलो. निनो दर रविवारी तिथे फोन करतो. आधी मायला दिला. मी म्हटलं, "माय, आशीर्वाद दे." म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळा." आवाज भांड्यातून आल्यासारखा येत होता. मग म्हणाली, "वारा फार आहे ना रे?"

"फार आहे, माय. निनोच सांगतो ना."

"हो, मी ऐकते रोज. एकही चुकवत नाही. तू सावकाश ये. घाई करू नकोस."

मग निनोनं फोन घेतला आणि अगदी हळू, कोणी शेजारी निजलं असावं तसा म्हणाला, "मानु, मंगळवारी सकाळी ये. बारा-तेरा असेल, जास्त नाही."

"रेडिओवर तर अठ्ठावीस म्हणतोयस!"

"रेडिओचं सोड. मी तुला सांगतोय ना."

रेडिओवर एक, फोनवर एक! एकीकडे लहानपणासारखं 'मानु', म्हणजे दादा, म्हणायचं आणि वर असा खेळ करायचा. उद्या मी बुडालो तर म्हणायला मोकळा, मी तर अठ्ठावीस सांगितले होते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वारा बारा असेल. तेरा. सुटलो नाही. कारण: तेलाच्या गाळणीत कचरा.

फिलिस्मिनानं पुन्हा नोव्हेंबरचं काढलं, म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवतो. नोव्हेंबरात भर कानालमध्ये माझं इंजिन बंद पडलं. अकरा माणसं होती. चार तास आम्ही वाहत गेलो. एक म्हातारी माझ्या कानाशी तोंड लावून जपमाळ म्हणत होती, आणि प्रत्येक मण्याला माझा दंड चिमटत होती. शेवटी तिबुर्सियुनं दोर टाकला. कोणाला ओरखडा नाही! मग त्याचा एवढा गवगवा कशाला? त्यानंतर मी कानाल ओलांडला नाही हे खरं, पण प्रत्येक दिवसाचं कारण या वहीत लिहिलेलं आहे. ज्याला शंका असेल त्यानं वाचावं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दुकानात नाववाले माझ्यावर घसरले. जणू काही अंदाज मीच वाचतो! तिबुर्सियु म्हणाला, "तुझ्या भावाचं डोकं फिरलंय का? पूर्वी पाच वाढवायचा, आता दहा-बारा वाढवतो. बायका माझ्या नावेत चढायला तयार नाहीत. रेडिओ ऐकतात आणि घरी परत जातात."

न्हो काझिमिरु कॉफी ओतता ओतता म्हणाला, "वय झालं की माणूस भित्रा होतो."

"तो बेचाळीस वर्षांचा आहे," मी म्हटलं.

"मी त्याच्याबद्दल कुठे बोललो?" म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. काय हसण्यासारखं होतं कोण जाणे.

मला मात्र आता सगळा उलगडा झाला आहे. निनोला माय सोडायचीच नाही. मरताना आई ज्याच्या डोक्यावर हात ठेवते त्याचं कल्याण होतं, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही सांगतात. तो हात मोठ्या मुलाचा. निनोला तो पाहिजे. म्हणून वारा फुगवतो आणि मला इथे डांबून ठेवतो. फोनवर 'ये, ये' म्हणतो ते आपलं तोंडदेखलं. शाळा त्याला मिळाली, बूट त्याला मिळाले, मी बाराव्या वर्षापासून बापाबरोबर नावेत. एवढं घेऊन पोट भरलं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

रेडिओवर सत्तावीस. सुटलो नाही. कारण: वर दिलेलं.

फिलिस्मिनानं मायची खोली चुन्यानं रंगवली, गादी उन्हात टाकली, पलंगाचे पाय घासले. संध्याकाळी हात पुसत पुढ्यात उभी राहिली. "मी उद्या तिबुर्सियुबरोबर जाते आणि मायला घेऊन येते."

"माझ्या आईला त्या माणसाच्या नावेत बसवलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस."

"नाव कोणाची ते बघत बसलायस. आई कोणाची ते बघ की जरा."

"मायनं स्वतः सांगितलंय, बाझिच्याच नावेतून!"

"तेच तर," ती म्हणाली. "तेच तर म्हणते मी." आणि रडायला लागली. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तिनं उगाच वाईट वाटून घेऊ नये म्हणून मी नाव काढून काळ्या खडकाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तिथून पुढे फोगु स्पष्ट दिसतो, मधलं पाणीही. तिथूनच नाव वळवली. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं, म्हणून. परत आलो आणि मक्याचा कचुपा गरम करून दोन ताटल्या खाल्ला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

वर गावात कार्निव्हलचे ढोल वाजताहेत. निनोचा फोन आला, रविवार नसताना.

"मानु, नीट ऐक. डॉक्टर म्हणतात, आठवडा. तोही पुरेल की नाही सांगता येत नाही."

"गुरुवारी ईशान्य पडणार आहे. पहाटेपासून दुपारी एकपर्यंत. आठ नॉट, फार तर. अख्ख्या महिन्यात अशी फट नाही. मी नकाशे तीन-तीनदा पाहिलेत. रेडिओवरही या वेळी खरं तेच वाचणार आहे. ये, मानु. तुझ्या पाया पडतो."

खरं तेच, या वेळी! म्हणजे इतके दिवस खोटं होतं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आणि आजवर मायला चिकटून बसलेला हा गृहस्थ आज पाया का पडतोय? कंटाळला. रात्रंदिवस उठबस करून जीव मेटाकुटीला आला, आता माझ्या गळ्यात घालून मोकळं व्हायचंय. मी म्हटलं, "बघतो."

फिलिस्मिनाला सांगितलं तर तिनं लगेच उशांचे अभ्रे धुवायला काढली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली आणि घरी येऊन आडवा हात मारला. नारळाच्या रसातली सुकी मासळी, कुसकुस, काकवी. उपासाच्या दिवशी इतकं जेवणारे आपणच जगात.

सहाला दुकानात रेडिओ. निनोचा आवाज, पण रोजच्यापेक्षा सावकाश: "कानाल. गुरुवार पहाटेपासून दुपारी एकपर्यंत. ईशान्य, आठ नॉट. लाट अर्धा मीटर. लहान नावांना हरकत नाही." मग जरा थांबला आणि जे कधीच करत नाही ते केलं, सगळं पुन्हा एकदा वाचलं.

दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते. न्हो काझिमिरु म्हणाला, "झालं की रे बाझि तुझं काम. तुझ्या मायला, न्हा इझिदोराला, माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, वाट बघतोय."

घरी येऊन हिशेब केला. आठ सांगतो म्हणजे निनोचे पाच गेले, उरले तीन. तीन नॉट! फेब्रुवारीत! असा वारा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ईशान्य असा मुकाट्यानं बसत नाही. तो जेव्हा दम धरतो तेव्हा मागून दुप्पट जोरानं येतो, बाप म्हणायचा. मला वाटतं बापच म्हणायचा.

गुरुवार, २६ फेब्रुवारी, सकाळ

समुद्र परातीतल्या पाण्यासारखा आहे. धक्क्याशी तळ दिसतो. खरं सांगायचं तर असं मी पाहिलेलं नाही.

फिलिस्मिना साडेपाचलाच खाली आली. घोंगडी, दोन उशा, कॉफीची बाटली, आणि मायला ओकारी झाली तर म्हणून लिंबं. सगळं नावेत मांडून ठेवलं. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. मी बराच वेळ ऐकत बसलो. मधेच एक ठोका चुकत होता. फिलिस्मिना म्हणाली, मला ऐकू येत नाही. तिबुर्सियु म्हणाला, मलाही नाही. त्यांना कसा ऐकू येईल? नोव्हेंबरात बंद पडण्याआधी हाच ठोका चुकला होता, आणि तेव्हा तो फक्त मी ऐकला होता.

सातला तिबुर्सियु निघाला. जाताना म्हणाला, "माझ्या मागोमाग चल ना. दोर बांधून घे हवं तर." सगळ्या धक्क्यासमोर! दोर बांधून! मी वासराच्या जातीचा आहे का? मी इंजिन बंद केलं.

दुपार

एक वाजून दहा मिनिटांनी ईशान्य आला. म्हणजे निनो दहा मिनिटांनी चुकला. बघा, आलाच की नाही! मी गेलो असतो तर परतताना मधोमध सापडलो असतो, आणि तेही मायला घेऊन. सातला निघालेला अकराला परत येतो असं फिलिस्मिना म्हणेल. म्हणाली मात्र नाही. उशा उचलल्या आणि वर निघून गेली. लिंबं नावेतच राहिली.

तिबुर्सियु साडेअकरालाच परत आला होता. आज ओरडला नाही. दोर बांधून झाल्यावर जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ती धक्क्यावर बसली आहे. खुर्चीत. मी म्हटलं, न्हा इझिदोरा, चला माझ्याबरोबर. म्हणाली, नको रे, माझा मुलगा येतोय."

आजारी बाईला उन्हात धक्क्यावर नेऊन बसवायचं! निनोला काडीची अक्कल नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

रेडिओवर तीस! तीस नॉट, लाट तीन मीटर, लहान नावांनी सुटू नये. दुकानात मी सगळ्यांना ऐकवलं: बघा, काल म्हणत होतो ना? पण कोणी मान वर केली नाही. बाहेर येऊन बघतो तर वारा अठराच्या वर नाही. तिबुर्सियु जाऊनही आला. याला काय म्हणावं?

ते काही असो. सुटलो नाही. कारण: तीस नॉट. आज तरी मला कोणी बोट दाखवू शकत नाही.

रविवार, १ मार्च

माय गेली. सकाळी मिस्सेच्या वेळेला. बाराचा अंदाज दुसऱ्याच कोणीतरी वाचला, तेव्हाच मला कळलं. फोन नंतर आला.

वारा अठरा.

मंगळवार, ३ मार्च

तिबुर्सियुच्या नावेतून आली. मी नाही म्हणालो नाही. मला कोणी विचारलंही नाही.

निनो शवपेटीशेजारी बसून आला होता, एक हात पेटीच्या दोराला गुंडाळलेला. अख्खा कानाल ओकत आला. चेहरा राखेसारखा. धक्क्यावर चढताना पाय घसरला, मी हात दिला, त्यानं धरला. वर दफनभूमीपर्यंत पुढचा डावा खांदा माझा होता. पेटी इतकी हलकी होती की मला लाज वाटली. तिबुर्सियुनं माझा पैसा घेतला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

सातव्या दिवसापर्यंत घरात माणसांची ये-जा असते. कॉफी, कुसकुस, आणि त्याच त्याच गोष्टी. आज सकाळी जरा कोणी नव्हतं. निनो मायच्या खोलीत, नव्या चुन्याच्या भिंतीला टेकून बसला होता. मला राहवेना.

"महिनाभर रेडिओवर खोटं वाचलंस. नाववाले तुझी तक्रार करणार आहेत."

"कशाला करतील? मी स्वतःच लिहून दिलंय. नोकरी जाईल बहुतेक."

"पण का?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरंच विचारतोय की काय. मग म्हणाला, "माय रोज खुर्ची रेडिओपाशी ओढायची, मानु. बाराला आणि सहाला. मी पंधरा वाचला असता तर घरी आल्यावर तिनं विचारलं असतं, मग बाझि का नाही आला? एकदा विचारलंही. दुसऱ्या दिवसापासून वारा वाढवायला लागलो. तुला फोनवर खरं सांगत होतो. रेडिओवरचं तिच्यासाठी होतं."

बाहेर फिलिस्मिना कप विसळत होती. ती थांबली.

"मग गुरुवारी का नाही वाढवलास?"

"दिवस उरले नव्हते. म्हटलं, सगळ्या फुर्नानं ऐकलं तर तुला यावंच लागेल. पण तिनंही ऐकलं ना. सहापासून तयार. हिरवा झगा, डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी. कॉफीसुद्धा घेतली नाही, म्हणे नावेत अडचण होते. दोनपर्यंत बसली."

मला उठून जायचं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणाली?"

"धक्क्यावर काही नाही. घरी आणताना जिन्यात दम लागला म्हणून थांबली. मग म्हणाली, निनो, उद्यापासून परत वारा वाढव."

"म्हणजे तिला माहीत होतं?"

"तिच्या खिडकीतून अख्खा कानाल दिसतो. चाळीस वर्षं नाववाल्याची बायको होती ती. तिला वारा कळत नव्हता?"

मी पलंगाच्या कडेवर बसलो. चादर फिलिस्मिनानं ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, "आणि तू वाढवलास."

"तीस वाचला. घरी आलो तर शेजारची बाई बसली होती. माय तिला सांगत होती, ऐकलंस ना गं, तीस नॉट! असल्या वाऱ्यात माझा बाझि कसा येणार?"